केळकरांची काडतुसं

सातासमुद्रापलीकडच्या आमच्या लोअर हट गावच्या केळकरांकडे काडतुसं भरायची पाच जुनी यंत्रं आहेत, बंदुकीचा रीतसर परवाना आहे, आणि बंदूक एकही नाही. माणूस पक्का शाकाहारी. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे का, हे यजमानांना चारचौघांत विचारणारा.

काडतुसातली गोळी झाडली की मागे पितळेची रिकामी नळी उरते. इकडचे जुने शिकारी ती फेकत नाहीत. तिच्यात नवी दारू घालतात, वर नवी गोळी बसवतात आणि पुन्हा वापरतात. त्यासाठी टेबलाला बोल्टने आवळलेलं ओतीव लोखंडाचं एक धूड लागतं. त्याला प्रेस म्हणतात. लांब दांडा खाली ओढला की नळी वर जाते आणि गोळी तिच्यात घट्ट बसते. हल्ली याची नवी, हलकी, चकचकीत मॉडेल्स मिळतात. त्यांचं नाव काढलं तरी केळकरांचा चेहरा कोणी पॅकेटमधली पुरणपोळी वाढावी तसा होतो. त्यांचा सगळ्यात तरुण प्रेससुद्धा त्यांच्या लग्नाआधीचा आहे. पाचही प्रेस गॅरेजमध्ये कोरडे राहतात आणि गाडी बाहेर पावसात भिजते.

त्यांच्याकडे जेवायला गेलं की आधी गॅरेजमध्ये जावं लागतं. "ओढून बघा," ते म्हणतात. आपण दांडा ओढतो. काही होत नाही. "असं नाही. डोळे मिटून ओढा. हाताला कळतं." आत आमटी निवत असते, आणि आपण परक्या देशात डोळे मिटून लोखंडाचा दांडा ओढत उभे. पण खरं सांगायचं तर तिसऱ्या खेपेला मलाही कळलं. शेवटी दांडा जरासा अडतो, आणि मग तो अडथळा जागच्या जागी विरघळतो. मी चौथ्यांदा ओढला, तेव्हा केळकर एखाद्या गुरुजींसारखे हसले.

हे "हाताला कळतं" ते कशालाही लावतात. डोशाच्या तव्याला, टोमॅटोला, एकदा तर कोणाच्या तरी होणाऱ्या जावयालाही. जॉन्सनव्हिलच्या गणपतीत बायका चकल्या पाडत होत्या, तर यांनी सोऱ्या हातात घेऊन दाब आणि दट्ट्या यांवर असं व्याख्यान दिलं की तेल धुरावलं. शेवटी त्यांच्या बायकोने, नीलावहिनींनी, सोऱ्या काढून घेतला आणि त्यांना खुर्च्या लावायला पाठवलं.

केळकर पेशाने फार्मसिस्ट. त्यांची तक्रार अशी की, पुण्यात कॉलेजात शिकताना खलबत्ता वापरला, तराजूवर पूड तोलली, आणि इथे जन्म चालला डब्यांवर लेबलं चिकटवण्यात. काडतुसातली दारू ते जुन्या तराजूवर तोलतात, तेव्हा श्वास रोखून धरतात.

त्यांनी परवाना काढला तेव्हा चौकशीचा माणूस घरी आला होता. त्याने वहिनींना वेगळं बसवून विचारलं, नवऱ्याला राग येतो का? वहिनी म्हणाल्या, आला असता तर बरं झालं असतं, निदान गटार तुंबल्यावर कौन्सिलला फोन तरी केला असता. मग ओळखीचा म्हणून मला विचारलं की, याला काडतुसं कशाला हवीत? मी म्हटलं, काडतुसं नकोच आहेत, त्याला दांडा ओढायचाय. का कोण जाणे, परवाना मिळाला.

दर शनिवारी समोरचा रॉन येतो. ऐंशीच्या पुढचा, बायको गेलेली, भर जुलैच्या थंडीत पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. दारू तोलायची केळकरांनी, दांडा ओढायचा रॉनने, असा रिवाज. रविवारी केळकरांनी नेमबाजी क्लबच्या रायफलीने ती काडतुसं रेंजवर झाडायची आणि पुढच्या शनिवारी रॉनला हकीकत सांगायची. बहुतेक वेळा गोळ्या थोड्या डावीकडे गेलेल्या असतात. रॉन विचार करून दारू दाणाभर कमी करायला सांगतो.

२०१७ च्या हिवाळ्यात केळकर दवाने ओल्या झालेल्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. गुरुवारी त्यांचा फोन आला. "जरा येता का? कोणाला बोलू नका."

गेलो. टेबलावर मागच्या शनिवारची भरलेली काडतुसं जशीच्या तशी होती. केळकरांनी डाव्या हाताने एक पक्कडवजा हत्यार माझ्यापुढे सरकवलं.

"ही सगळी शनिवारच्या आत, गोळ्या उपटून, मोकळी करायची आहेत. मला एका हाताने जमत नाही."

मी म्हटलं, मोकळी कशाला? झाडत नाही का?

"मी रेंजवर कधी गेलोच नाही हो. मला तो आवाज सहन होत नाही."

मग सगळं बाहेर आलं. रॉनची नजर गेली, रायफल पुतण्याने नेली, परवाना संपला. जन्मभर शिकार केलेल्या माणसाला आता सगळे नुसतं बसून राहायला सांगतात. म्हणून केळकरांनी परवाना काढला. शनिवारी रॉनने भरायचं आणि रविवारी गॅरेजचं दार लावून यांनी ते उलगडायचं. नळ्या त्याच, गोळ्या त्याच. शनिवारी हाताला रिकाम्या नळ्या लागल्या नाहीत, तर रॉनला यायचं कारणच उरणार नाही.

"बाबांचं आम्ही असंच केलं," केळकर म्हणाले. "गॅस पेटवू नका, स्कूटर काढू नका, बाजारात जाऊ नका. मी इथून फोनवर हेच सांगत होतो. काळजीने सांगत होतो. शेवटी ते विचारायचे, मग मी करू काय?"

मी पक्कड उचलली. ते सांगत गेले आणि मी काडतुसं सोडवत गेलो. नळ्या त्यांनी चिंचेच्या कोळाने घासायला लावल्या.

शनिवारी मीच मदतीला होतो. रॉन आला, बसला, बोटांनी चाचपून एक नळी प्रेसवर ठेवली आणि दांडा ओढला. त्याच्याइतकं संथ ओढताना मी केळकरांनाही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने केळकर चहा आणायला आत गेले. रॉनने दारापर्यंत त्यांची पावलं ऐकली आणि माझ्याकडे झुकला.

"तुझ्या मित्राने एकही झाडलेलं नाही. पितळ आहे हे. पुन्हा पुन्हा झाडलं की ताणतं, मानेपाशी फाटतं. इतक्या वर्षांत एक नळी फाटली नाही."

मी पुढची नळी त्याच्या हातात दिली.

"त्याला सांगू नकोस. मुलगा सिडनीला, बायको शनिवारी हॉस्पिटलात ड्युटीवर. आठवडाभर लेबलं चिकटवतो बिचारा. मी आलो नाही, तर हा दिवसभर करेल काय?"

केळकर डाव्या हातात ट्रे सांभाळत आले. रॉनपुढे कप ठेवताना त्यांनी मला मराठीत हळूच विचारलं, "त्याला संशय नाही ना आला?"

"अजिबात नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचं कबूल केलं.