भोईरदादा घरात नाहीत

मी बेल वाजवली तेव्हा दार खुद्द भोईरदादांनीच उघडलं. डोक्यावर हेल्मेट, अंगात बनियन आणि खाली सायकलवाल्यांची ती काळी, बुडाला गादी लावलेली चड्डी.

"दादा, नळाला पाना हवा होता जरा."

"भोईर घरान न्हाय," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "कसाऱ्याला पोचलाय. काय काम असंल तर फोन करा." आणि दार लावून घेतलं.

मी तिथंच उभी राहून फोन लावला. दाराच्या आत तो वाजला, आणि दुसऱ्या क्षणाला उचलला गेला. "बोला ताई! घाटान हाय, जरा दम लागलाय. पाना ना? आमच्या मंडलींना सांगा, माल्यावरच्या डब्यान हाय." आवाजात इतका उत्साह, की ते खरोखरच कसारा घाट चढून आले असावेत.

कामतघरच्या आमच्या इमारतीत आम्ही समोरासमोर राहतो. भोईरदादा पालिकेत पाण्याचे चावीवाले होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातातल्या लोखंडी चावीवर ठरायचं. कापडाच्या लूमचे कामगार, मालक, दुकानदार, सगळे वाटेत अडवून विचारायचे, "दादा, पानी कब आएगा?" दादा मान वर न करता म्हणायचे, "देखेंगे." या 'देखेंगे'वर त्यांचं पोट पगारापेक्षा जास्त भरत असे. मग ते निवृत्त झाले, आणि तरीही पाणी येतच राहिलं. ही गोष्ट त्यांना फार लागली.

तेव्हाच त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि नाशिकला जायचं जाहीर केलं. चार दिवसांचा प्रवास. दोन जायला, दोन यायला. नाशिकला त्यांचं कोणी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वलखीच्या गावाला काय, कोनी पन जातंय."

पहिला आठवडाभर ती चड्डी ते पँटवरून घालत होते. नारपोलीच्या नाक्यावर चहा पिणारे लूमवाले रोज टाळ्या वाजवायचे, आणि दादा हात हलवून ती दाद स्वीकारायचे. पहाटे मानकोलीपर्यंत जाऊन यायचे. वाटेत कंटेनरवाल्यांना उपदेश चालू असायचा: "भाई, इंडिकेटर शो के लिए लगाया है क्या?" कोणी ऐकून घेत नसे, पण पाय मात्र तयार झाले. पंक्चर काढायला शिकले, तेही स्वतःच टायरमध्ये खिळा मारून.

"मग आता निघा," मी म्हटलं.

"मी तयार हाय ओ. पन मागं काय?"

'मागं काय?' हे त्यांचं पालुपद. आपण गेल्यावर बायको, मुलगा आणि सून यांचं कसं व्हायचं, या चिंतेनं त्यांना ग्रासलं होतं. सायकलची प्रॅक्टिस आपण केली, आता आपण नसण्याची प्रॅक्टिस घरच्यांनी करायची, असा हुकूम निघाला. रविवारी सकाळी वहिनींनी त्यांना कुंकू लावायचं, दादांनी खाली जाऊन इमारतीला एक फेरी मारायची आणि परत येऊन गॅलरीत सायकलशेजारी खुर्ची टाकून बसायचं. म्हणजे ते 'गेले'. आता त्यांना काही विचारायचं नाही. अगदीच अडलं तर फोन.

गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यात एक दार आहे. दादा गुडघ्यावर फोन ठेवून बसायचे.

फोन काही यायचा नाही. पहिल्याच रविवारी सिलिंडर संपला. सुनेनं उचलून दुसरा लावला. पुढच्या खेपेला पंप बंद पडला. मुलानं मिस्त्रीला बोलावून चालू करून घेतला. या पंपाच्या बटणाला दादांनी लग्नापासून वहिनींना हात लावू दिला नव्हता. मग दादाच पेपर अवघड काढायला लागले. 'जाण्या'आधी नळाचा वॉशर काढून ठेवायचे, फ्यूज सैल करायचे. घरच्यांनी हूं की चूं न करता सगळं निस्तरलं. माझे यजमान हयात असते तर तेही असेच वागले असते. जगात आपल्यावाचून काहीतरी अडावं, एवढंच या पुरुषांना हवं असतं.

वाईट याहून पुढचं होतं. दादा 'गेले' की घर मोकळं व्हायचं. टीव्ही मोठा व्हायचा. त्यांना चालत नाही म्हणून कधी न होणारं झणझणीत सुकट व्हायचं. सासू-सुना खिदळायच्या. वहिनी माझ्याकडे निवांत चहाला यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचे दादा गेलेत ना!" मी उघड्या दारांतून त्यांच्या गॅलरीकडे बघायचे. हेल्मेट घातलेलं ते डोकं हलायचं नाही. आपण नसताना घर हसतं, हे त्या माणसाला आपल्याच घरात बसून ऐकावं लागत होतं. मला त्यांचा राग यायचा आणि कणवही यायची.

तरी तारीख पुढं ढकलणं चालूच होतं. "घरचे तयार न्हाईत अजून." शेवटी मुलगाच म्हणाला, "बाबा, आमी तयार हाव. तुमीच न्हाय." आणि सोमवारी दादा खरोखर निघाले. कुंकू लागलं, फोटो निघाला, सायकल कोपऱ्यावरून वळली.

माझी नोकरी मानकोलीच्या एका गोदामात, बिलिंगला. दुपारी जेवायच्या सुट्टीत पुलाखालच्या टपरीवर गेले, तर बाकावर हेल्मेट. शेजारी सायकल, सामानासकट.

"दादा! नाशिक या बाजूला कुठून आलं?"

"पुढं घाटाकडं रेंज मिलत न्हाय, ताई. घरून फोन आला तर?"

"आला का?"

"न्हाय."

"म्हणजे घरी सगळं ठीक आहे."

"त्याच तर," ते म्हणाले, आणि फोनचा पडदा चड्डीला पुसला.

मी जरा लांब जाऊन वहिनींना फोन लावला. म्हटलं, दादांना एक फोन करा, काहीही विचारा. त्या चिडल्याच. "काय इचारू? घरान सगलं जाग्यावर हाय. तुमीच सांगा, काय मोडू?" आणि फोन ठेवला.

मी परत येऊन बसते तोच दादांचा फोन वाजला. त्यांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली. "बोल! पंप का?"

मग त्यांचा चेहराच उतरला. ऐकलं, "हां" म्हणाले, फोन खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"जेवलाव काय, इचारत होती." ते गोंधळून माझ्याकडे बघत होते. "बाकी काय न्हाय. येवढंच. मी तिला कधी इचारला न्हाय, ताई. ड्युटीवरनं यायचो, ताट वाढलेलं असायचं. ती कवा जेवते, मला म्हाईत पन न्हाय."

मग त्यांनीच फोन लावला. सवयीनं मोठ्यानं बोलले, बाजूचे ड्रायव्हर वळून बघायला लागले.

"अगो, तू जेवलीस काय?"

पलीकडून काही आलं नाही. "हॅलो? हॅलो? आयकतेस ना?" दादांनी फोन कानावरून काढून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला.

"रेंज गेली वाटतं," ते मला म्हणाले.

मी वाकून बघितलं. रेंज पूर्ण होती.