इडवलने कुत्र्याचा स्वभाव तपासला

"कुत्रं घेईन तर असं घेईन, की सगळी दरी बघत राहील!" गुरांच्या बाजारातल्या कॅन्टीनमध्ये इडवलने चहाच्या कपावर चमचा वाजवून जाहीर केलं. "लोक रंग बघतात, शेपटी बघतात. मी स्वभाव बघणार. आधी अभ्यास, मग कुत्रं!"

शेजारी बसलेल्या नेस्टाने, म्हणजे त्याच्या बायकोने, मान डोलावली. आपण कशाला मान डोलावतो आहोत, हे तेव्हा त्या बिचारीला कळलं नव्हतं.

त्यांचा कुत्रा मॉट चौदा वर्षं इमानेइतबारे मेंढ्या वळून नुकताच गेला होता. दोघंही रडली होती. नवीन कुत्रं महिन्याभरात येईल, असं नेस्टाने गृहीत धरलं होतं. इडवलने मात्र जाड पुठ्ठ्याची वही आणली, पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'स्वभाव' असं लिहिलं, आणि तो दरीतली घरं पालथी घालायला लागला. दोन वर्षं झाली. वहीत एकेचाळीस कुत्री झाली आणि घरात एकही नाही!

आता तुम्ही म्हणाल, मग दोन वर्षं मेंढ्या कोण वळत होतं? तर नेस्टा. दुसरं कोण?

सुरुवातीला इडवल टेकाडावर उभा राहून ओरडायचा, "डावीकडे! अगं, डावीकडे!" वाऱ्यात निम्मं उडून जायचं आणि उरलेलं ऐकून नेस्टाचं डोकं फिरायचं. शेवटी तीच म्हणाली, "ओरडू नकोस बाबा, त्यापेक्षा मॉटला वाजवायचास तशी शिट्टी वाजव." झालं! एक आखूड शिट्टी म्हणजे डावीकडून वळसा. दोन आखूड म्हणजे उजवीकडून. एक लांबलचक शिट्टी म्हणजे आहेस तिथे खाली बस, कारण माणूस उभं दिसलं की मेंढ्या बुजतात. चौपन्नाव्या वर्षी नेस्टा काट्याकुट्यांतून, नेच्यांच्या रानातून धावायला लागली. आणि खोटं कशाला बोला, मॉटपेक्षा चांगली धावायला लागली.

पण गुडघा शेवटी माणसाचाच. सप्टेंबरात साऱ्या दरीच्या मेंढ्या एकाच दिवशी डोंगरावरून खाली आणतात. त्या दिवशी प्रत्येक घराने एक माणूस आणि एक कुत्रं द्यायचं, ही वाडवडिलांपासूनची रीत. गेल्या वर्षी त्या दिवशी धावून नेस्टाचा गुडघा असा सुजला, की पंधरा दिवस जिना चढता येईना.

"ह्या वर्षी त्या दिवसापर्यंत कुत्रं आलं नाही," ती ऑगस्टात म्हणाली, "तर मी बहिणीकडे जाऊन समुद्रावर आइसक्रीम खात बसणार. तूच शिट्टी वाजव आणि तूच पळ!"

"अगं, घाई करून कसं चालेल?"

"त्या काळ्या कुत्र्याचं काय झालं? गिरणीपलीकडच्या?"

"नजर झकास आहे. पण मनाला लावून घेतो गं. जरा ओरडलं की दोन दिवस फुगून बसतो."

"मीही बसते."

"तू जेवतेस तरी. तो जेवत नाही म्हणे."

"आणि ती घाऱ्या डोळ्यांची?"

"ती हुशार आहे."

"मग?"

"फार हुशार आहे. काम नसलं की स्वतःच काम काढते. परवा तिने पोस्टमनला कोंबड्यांबरोबर खुराड्यात घातलं."

"बरंच केलं की! एरवी तो सापडतो कुणाला?"

इडवलने वहीत काहीतरी खोडलं. मुलीसाठी स्थळं बघतानाही बाप इतकी खोट काढत नसेल!

पण धमकीचा परिणाम झाला. मेंढ्यांच्या त्या उतरवणीला तीन आठवडे उरले असताना इडवल नेस्टाला घेऊन तेग्वेनमावशीकडे निघाला. आमच्या दरीत आडनावं मोजून चार, त्यामुळे माणूस घराच्या नावाने ओळखायचा. इडवल 'हावॉड'चा, तर मावशी 'ब्लाइनकुम'ची. सत्तरी उलटलेली, एकटी, आणि कुत्र्यांच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तिच्याकडे दोन वर्षांची फ्लॉस होती, काळीपांढरी, एक कान उभा, एक पडका. मावशी कुत्रं द्यायची ते घेणाऱ्याने तिच्यासमोर काम करून दाखवल्यावरच. असा दाखवायचा कार्यक्रम असला की शेजारपाजारचे चारपाच जण फाटकावर कोपरं टेकून उभे राहणार, हेही ठरलेलंच. तसे ते उभे होते.

मावशीने चहा दिला, तव्यावरचे मनुकांचे केक दिले. इडवलने वही उघडली.

"सदतीस प्रश्न आहेत, मावशी."

"विचार."

"रागावते का?"

"तू रागावतोस का?"

"मी? छे!"

"रागावतो," नेस्टा केक चावत म्हणाली.

"ढगांचा गडगडाट झाला तर?"

"खाटेखाली जाते. आणि तू?"

फाटकावरचे खिदळले. पण इडवल मागे हटणारा नव्हता. एकटेपणा, हेवा, कोंबड्यांविषयीचं मत, रविवारी प्रार्थनेच्या वेळी भुंकण्याची सवय, सगळं सगळं त्याने विचारलं. सदतीस प्रश्न संपायला चहाच्या तीन फेऱ्या लागल्या. आणि जो दरीतलं शेंबडं पोरही आधी विचारेल, तो एकच प्रश्न त्या सदतिसांत नव्हता. मावशी, तुमच्या शिट्ट्या कोणत्या? कारण शिट्ट्या घरोघरच्या वेगळ्या! एका घरचं कुत्रं दुसऱ्या घरच्या शिट्टीला भीक घालत नाही. हे इडवलला ठाऊक नव्हतं असं नाही. अभ्यासाच्या भरात ते राहूनच गेलं.

"बरं, आता काम दाखव," मावशी म्हणाली. शेताच्या पार टोकाला वीस मेंढ्या चरत होत्या. अलीकडे मेंढ्या कोंडायचं लाकडी वाडगं उघडं ठेवलेलं. फ्लॉस इडवलच्या पायाशी येऊन बसली. इडवलने छाती फुगवली, दोन बोटं तोंडात घातली आणि एक आखूड शिट्टी मारली.

फ्लॉसने त्याच्याकडे पाहिलं. मग जांभई दिली.

नेस्टाने मात्र कप शेताच्या बुटक्या भिंतीवर ठेवला आणि ती डावीकडून निघाली!

तिला कळलंच नाही. पाय निघाले, त्यांच्यामागून ती निघाली. चाळीस पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण परक्याच्या शेतात धावतो आहोत. थांबावं का? थांबलं तर लोक विचारणार, का धावलीस? त्यापेक्षा मेंढ्या आणलेल्या बऱ्या! तेवढ्यात मागून दोन आखूड शिट्ट्या आल्या. इडवलचीही तीच गत! समोर मेंढ्या वळायला लागलेल्या बघून त्याचीही बोटं सवयीने तोंडात गेली होती. नेस्टाने उजवीकडून असा सुरेख वळसा घातला, की वीसच्या वीस मेंढ्या एकगठ्ठा वाडग्यात शिरल्या. मग लांबलचक शिट्टी आली. नेस्टा चिखलात खाली बसली.

फ्लॉससुद्धा उठून उभी राहिली होती.

"वा!" फाटकावरून कुणीतरी म्हणालं. "किती वर्षांची आहे म्हणे?"

"मान बघ कशी खाली ठेवते! एक मेंढी बुजली नाही."

"इडवल, हे घरात असताना तू इथे कशाला आलास रे?"

नेस्टाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि देवाशपथ सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात तिला अभिमानही वाटला. वीसच्या वीस!

तेग्वेनमावशीने इडवलची वही मिटून त्याच्या हातात दिली.

"फ्लॉस मिळणार नाही."

"का? तिचा स्वभाव मला पसंत आहे!"

"तुझा मला नाही. बायकोला दोन वर्षं पळवलंस, माझ्या कुत्रीचा तर जीवच घेशील."

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! दोघं घरी पोचायच्या आत बातमी दरीभर पोचली होती. सोमवारी नेस्टा दुकानात पाव घ्यायला गेली, तर मागे कुणीतरी आखूड शिट्टी मारली आणि ती साबणाच्या कपाटावर जाऊन आदळली. बुधवारी पलीकडच्या टेकडीवरचा गेरेन्ट टोपी हातात धरून दारात आला.

"इडवल, एक दिवसासाठी देशील का? आमचा कुत्रा लंगडतोय."

"काय देऊ?"

गेरेन्टने नेस्टाकडे पाहिलं आणि टोपी चुरगळली. नेस्टाने त्याला काय उत्तर दिलं, ते छापण्याजोगं नाही.

"बघितलंस?" गेरेन्ट गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "तुझ्या अभ्यासाने माझी ही दशा केली! लोक मला उसनी मागायला लागले!"

इडवल खाली बघत म्हणाला, "मी बेचाळिसावं कुत्रं बघायला जातो."

"तू बस. मी जाते."

ती एकटी ब्लाइनकुमला गेली आणि मावशीपुढे उभी राहिली. "मावशी, मला वही नाही. मला एकही प्रश्न नाही. माझा गुडघा गेलाय आणि मला कुत्रं पाहिजे."

मावशीने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "शिट्टी वाजवता येते?"

"ऐकता येते."

"मग निम्मं काम झालं! बहुतेकांचं तिथेच अडतं. उद्यापासून ये."

दहा दिवस नेस्टा रोज गेली. पहिले तीन दिवस नुसता वारा आणि थुंकी बाहेर पडली. चौथ्या दिवशी शिट्टी निघाली. सहाव्या दिवशी फ्लॉस डावीकडे गेली आणि नेस्टा जागच्या जागी उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा दुसरं कुणीतरी धावत होतं आणि ती बघत होती! तिला इतका आनंद झाला, की तिने मावशीला मिठी मारली. अकराव्या दिवशी फ्लॉस हावॉडला आली आणि इडवलच्या खुर्चीत जाऊन झोपली.

इडवलने कॅन्टीनमध्ये सांगितलं, "दोन वर्षांचा अभ्यास वाया गेला नाही बघा!" सगळे चहाच्या कपात बघत राहिले.

उतरवणीच्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी सगळी घरं जमली. इल्टिडकाका चष्मा चढवून नेहमीसारखी यादी वाचायला लागले. कोणत्या घराचं कोण आणि बरोबर कुत्रं कोणतं, की ज्याने त्याने आपली बाजू धरायची.

"हावॉड. नेस्टा आणि फ्लॉस. पूर्वेचा कडा."

नेस्टा फ्लॉसला घेऊन निघालीसुद्धा. काकांनी पुढचं घर वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, कागदाची घडी घातली. इडवल अजून तिथेच.

"काका, मी?"

"तू खालच्या फाटकाशी. मेंढ्या आल्या की उघडायचं, गेल्या की लावायचं."

"बरं. पण माझं नाव नाही वाचलंत?"

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "फाटकवाल्याचं लिहीत नाहीत रे. कुत्र्यांचं लिहितात."