पाहुण्यांसाठीची जाळी

माणूस सुरक्षित असणं आणि माणूस सुरक्षित दिसणं या दोन स्वतंत्र बाबी असून त्यांतली फक्त दुसरी तपासता येते. पहिली तपासणारं सरकार अजून जन्माला यायचंय. ज्याला हे कळलं त्याने कारखाना काढावा, ज्याला नाही कळलं त्याने तिथे नोकरी धरावी, असा साधारण रिवाज आहे.

आमचा 'अन्नसुख' कारखाना अमेरिकेत, नेपरव्हिलच्या जरा बाहेर, गोदामांच्या रांगेत आहे. आम्ही गोठवलेल्या पुरणपोळ्या करतो. पाकिटावर नऊवारीतल्या बाईचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'मावशीच्या हातची'. काही लोकांना वाटतं ही नुसती जाहिरात आहे. छे! मावशी खऱ्या आहेत. सुलभामावशी, मूळच्या नागपूरच्या, वय त्रेसष्ट, लेकीच्या मागोमाग अमेरिकेत आलेल्या. लाटायच्या यंत्राच्या दोन रुळांमध्ये पुरणाचा उंडा सरकवतो तो हात त्यांचाच. मालक राजीव. मी नकुल. वीस वर्षं आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो. लेऑफ झाल्यावर राजीवने मला कारखान्याचा सुरक्षा अधिकारी नेमलं, कारण मला एक्सेल येतं.

अमेरिकेत सरकारची सुरक्षा तपासणी आगाऊ न कळवता येते. हा इथल्या व्यवस्थेचा मोठेपणा. पण आपल्या लोकांकडे कुणी न कळता येऊन दाखवावं! सोमवारी सकाळी इन्स्पेक्टरबाईंची गाडी रांगेतल्या समोसेवाल्यांच्या दारात थांबते न थांबते तोच व्हॉट्सॲपवर फोटो आला. 'आल्या. करडी गाडी. पायात जाड बूट. हसत नाहीत.' समोसेवाले, मग लोणचेवाले, मग पापडवाले, मग आम्ही. म्हणजे गुरुवार.

राजीव म्हणाला, "नकुल, पाहुणे यायचेत. आवरायला घे."

सुरक्षेवर मी बरेच वेबिनार ऐकलेत, पण इतकं नेमकं मार्गदर्शन कुठे मिळालं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घरी काय करतो? पसारा उचलून बेडरूममध्ये कोंबतो, दार ओढून घेतो आणि शोकेसमधल्या चांगल्या कपबश्या काढतो. रोजच्या चहाला कान तुटलेले मग चालतात. तेच शास्त्र आम्ही कारखान्याला लावलं.

पहिला प्रश्न संकटकाळी बाहेर पडायच्या दरवाजांचा. दरवाजे दोन, आणि एकाला लागून हरभरा डाळीची त्रेचाळीस पोती. पोती ठेवायला दुसरी जागाच नाही. मी अभ्यासाअंती असं दाखवून दिलं की बाई एका वेळी एकाच दारापुढे उभ्या राहू शकतात. त्यामुळे पोती चाकांच्या पाटांवर चढवली. बाई पूर्वेला असताना पोती पश्चिमेला, बाई पश्चिमेला निघाल्या की पोती मागच्या बोळातून पूर्वेला. तालमीत आम्ही हे काम एक मिनिट चाळीस सेकंदांत बसवलं. (आग लागल्यावर माणसं बाहेर काढायची तालीमही त्या निमित्ताने करावी अशी सूचना आली होती. वेळेअभावी ती पुढे ढकलली.)

डोळ्यांत काही गेलं तर धुवायला एक खास बेसिन आहे. त्यात आम्ही डाळ भिजत घालतो. ती काढली.

छतावर धुराचे अलार्म सहा. आमच्याकडे दुपारच्या जेवणाला कटाची आमटी असते, आणि तिला फोडणी पडली रे पडली की सहाच्या सहा बोंब ठोकतात. म्हणून प्रत्येकाला हॉटेलातली आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातलेली आहे. (हसू नका. आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात मान वर करून बघा.) टोप्या उतरवल्या आणि गुरुवारी जेवणाला सँडविच ठेवलं.

आग विझवायच्या नळकांड्यांचं मात्र अवघड झालं. दर दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, त्यात तीही येतात. सात वर्षांच्या हळदीकुंकवाखाली त्यांच्यावरची मुदतीची तारीख दिसेनाशी झालेली. खरवडून पाहिली. मग पुन्हा कुंकू लावलं.

आणि मग ती जाळी.

लाटायच्या यंत्राबरोबर कंपनीने स्टीलची एक जाळी दिली होती. ती रुळांपुढे बसवली की उंडा आत जातो, बोट जात नाही, आणि जाळी उघडली की यंत्र आपोआप थांबतं. अडचण एवढीच की जाळी लावून तासाला सहाशे पोळ्या होतात आणि न लावता नऊशे. ती आम्ही पहिल्याच आठवड्यात काढली. पण फेकली नाही हं! आम्ही काही रानटी नाही. बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. दर दसऱ्याला तिला काढतो, पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो, पेढ्याचा नैवेद्य दाखवतो आणि परत ठेवतो. अख्ख्या इलिनॉयमध्ये सुरक्षेच्या साधनाला इतका मान मिळत नसेल.

सोमवारी दुपारी ती बसवली, म्हणजे गुरुवारपर्यंत सरावाची वाटावी. मंगळवारी मावशी जुन्या सवयीने सारख्या दचकून हात मागे घेत होत्या. बुधवारी त्या काम करता करता शेजारणीशी लेकीच्या सासूबद्दल बोलत होत्या, आणि दुपारनंतर चक्क गुणगुणत होत्या. उत्पादन एक तृतीयांशाने घटलं. मी एक्सेलमध्ये तो रकाना लाल केला.

सुटायच्या वेळी मावशी राजीवपाशी आल्या. "राजीव, हे असंच राहू दे ना रे बाप्पा. फेब्रुवारीत नख गेलं तेव्हापासून मी रोज घरी जाताना गाडीत बोटं मोजते. हे तीन दिवस नाही मोजली."

(फेब्रुवारीतल्या नखाची नोंद आमच्याकडे 'वैयक्तिक निगा' या सदरात आहे. भिंतीवरच्या 'अपघाताविना दिवस' या फलकावर त्यामुळे काही परिणाम झालेला नाही.)

"मावशी, पुढच्या आठवड्यात गौरी आहेत," राजीव म्हणाला. "तीन मंडळांच्या अकरा हजार पोळ्या. त्या या जाळीतून कशा निघणार?"

"मग कमी घ्यायच्या ऑर्डरी."

"आणि लोकांना काय सांगू? यंदा गौरीला ब्रेडचा नैवेद्य दाखवा?"

मावशींनी आपली पिशवी उचलली. राजीव मनाने चांगला आहे. त्याने त्यांना गाडीपर्यंत सोडलं.

गुरुवारी सव्वादहाला बाई आल्या. पोत्यांनी कमाल केली. दोनदा इकडून तिकडे गेली आणि बाईंना नुसता चाकांचा आवाज ऐकू आला. नळकांड्यांवरचं लाल काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दरवर्षी ठरलेल्या दिवशी प्रत्येक नळकांड्याजवळ एक अधिकृत व्यक्ती जाते आणि ही खूण करते. अधिकृत व्यक्ती म्हणजे उल्कावहिनी, राजीवची बायको. बाईंनी लिहून घेतलं.

जाळीपाशी त्या थांबल्या. वाकून बघितलं, बोट फिरवलं. "किती वर्षांची?"

"सात."

"सात वर्षांत एक ओरखडा नाही?"

"आम्ही फार जपून वापरतो," मी म्हणालो.

मग त्यांना यंत्रावरच्या बाईशी एकटीशी बोलायचं होतं. मावशींचं इंग्रजी 'थँक यू'पाशी संपतं. बाईंनी दुभाष्यासाठी फोन लावला. मराठीसाठी पन्नास मिनिटं थांबावं लागेल असं उत्तर आलं. आठवडा संपत आला होता आणि त्यांना त्याच दिवशी पुढचे भाकरवडीवालेही उरकायचे होते. मी नम्रपणे पुढे झालो. "तुम्ही मालकाचे माणूस ना?" त्या जरा घुटमळल्या. मी म्हणालो, मी सुरक्षेचा माणूस. माझ्या ओळखपत्रावर तसंच लिहिलंय.

बाईंनी विचारलं, ही जाळी नेहमी असते का?

मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ करून थेट बाईंना म्हणाल्या, "बाई, ही सोमवारी लावली. तुम्ही गेल्या की काढतील. तुमच्या पाया पडते, काढू देऊ नका. माझा हात जाईल हो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी भाषांतर केलं, "त्या म्हणतात, या जाळीवर माझा फार जीव आहे. ही कधीच काढू नये असं मला वाटतं."

तुम्हीच सांगा, यात एक तरी शब्द खोटा आहे का?

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी मावशींचा खांदा थोपटला आणि मान डोलावली. मावशींना वाटलं, सरकारने ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले आणि आपलं तेवढं एक इंग्रजी चार वेळा म्हणून दाखवलं. बाईही हेलावल्या. अशी कामगार मी पाहिली नाही, असं त्या जाताना म्हणाल्या, आणि अहवालात आमच्याकडच्या 'सुरक्षा संस्कृती'वर वेगळा परिच्छेद लिहीन असंही.

करडी गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर राजीव म्हणाला, "काढ."

मी चार स्क्रू काढले. मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "नकुल, काहून काढतोस रे? मी त्या बाईंना सांगितलं ना सगळं. त्या हो म्हणाल्या."

"मावशी," मी म्हणालो, "सरकारी कामाला वेळ लागतो."

जाळी कोमट पाण्याने धुतली, कोरडी केली, नव्या बबल रॅपमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. अलार्मना टोप्या घातल्या. दुपारी आमटी झाली आणि सगळे पोटभर जेवले.

मंगळवारी, गौरी बसायच्या दोन दिवस आधी, अकरा वाजून दहा मिनिटांनी मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं. यंत्र थांबलं नाही, कारण ते थांबवणारी वस्तू कपाटात होती. आम्ही त्या घाण्यातल्या साठ पोळ्या फेकून दिल्या. शुद्धतेच्या बाबतीत राजीव तडजोड करत नाही. हजेरीत मावशींची रजा अकरापासून मांडलेली आढळली, तेव्हा फलकावर सकाळी लावलेला ४१७चा आकडा तसाच राहिला. घरी दुधी चिरताना झालं, असं हॉस्पिटलात सांगण्यात आलं. तिथेही दुभाष्या मीच होतो. मावशी त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत, त्यामुळे भाषांतर सोपं गेलं.

अकरा हजार पोळ्या वेळेवर पोचल्या. तुमच्याही घरी आल्या असतील. नैवेद्य दाखवून, वर तूप सोडून, तुम्ही त्या खाल्ल्या.

त्यानंतर तुमचे अभिप्राय यायला लागले, आणि आम्ही ते गांभीर्याने घेतो. एकूण छत्तीस. अकरा जण म्हणतात कडा जाड लागतात. एकोणीस जणांचं म्हणणं, पूर्वीची हातची चव राहिली नाही. पाच जणांना पाकीट उशिरा मिळालं. आणि एका ताईंनी तीन तारे देऊन विचारलंय, 'मावशी बदलली का?' चौकशी करणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून त्यांना खास कळवतो: हो, ताई. नव्या मावशी त्याच बुधवारपासून रुजू झाल्या. रेणूमावशी, साताऱ्याच्या. दहाही बोटं आहेत. सुलभामावशी आता पाकिटं बंद करतात, डाव्या हाताने. परवा तुमच्या हातात आलेलं त्यांनीच बंद केलं असेल.

जाळीची पूजा ठरल्याप्रमाणे दसऱ्याला आहे. त्याच दिवसासाठी ऑर्डरी घेणं चालू आहे, आणि तुमच्या आग्रहावरून या वेळी तासाला साडेनऊशेचं लक्ष्य ठेवलंय.

तर सांगा, तुमची किती पाकिटं धरू?