बिनदुखत्या पोटाची तपासणी

"जेवलात की?"

रोज संध्याकाळी सुप्रीता फोनवर एवढंच विचारी आणि तनयला भरून येई. हसू नका! बंगळूरच्या महादेवपुऱ्यात एकट्यानं राहणाऱ्या नागपूरच्या मुलाला जेवलास का म्हणून विचारणार कोण? ऑफिसातले हिंदीतून डेडलाइन विचारत, जेवण आणून देणारा ओटीपी विचारी.

सुप्रीता हेब्बाळच्या एका संशोधन केंद्रात कामाला. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी आतड्यात कच्च्याच येतात आणि तिथं राहून पक्क्या होतात. आतड्यात त्या नेमक्या कुठं पिकतात हे शोधायला केंद्राला धडधाकट माणसं हवी होती. तनयनं हौसेनं नाव दिलं, आणि त्याची रोजची विचारपूस सुप्रीताकडे आली. तोही बंगळुरात कच्चाच आला होता, पण पक्का व्हायची चिन्हं नव्हती.

"उद्यापासून फोन नाही हं. तुमचं सगळं सरी, एकदम ठीक आहे," एके दिवशी सुप्रीता म्हणाली.

तनयनं घाईघाईनं पोटावर हात ठेवला. "पण... आज जरा दुखतंय."

झालं! फोन सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. ते टिकवायचे तर दुखणं वाढवणं आलं. आधी उजवीकडे दुखलं, मग डावीकडे, शेवटी त्यानं जळजळही आणली.

"आता तोंडातून दुर्बीण घालून बघायला पायजे," सुप्रीता म्हणाली. "सोमवारी या. सोबत घरचं माणूस आणा, त्याशिवाय घेत नाहीत."

अरे बाप्पा! दुर्बिणीला तो भ्याला नाही, पण माणूस कुठून आणायचं? फोनमधली नावं त्यानं वरखाली केली. गॅसवाला, घरमालक, टीम लीड. अख्ख्या शहरात आपलं म्हणावं असं कुणीच नव्हतं. त्याला रडू फुटलं.

"खोटं बोललो हो मी," तो फोनवरच म्हणाला. "पोट ठणठणीत आहे. तुम्ही विचारायचात, तेवढंच बरं वाटायचं."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"यादीतून नाव काढावं लागणार तुमचं. कळतंय की?"

"हो."

"स्वल्प थांबा, ठेवू नका. सोमवारी मोकळे आहात म्हणजे?"

"रजा टाकलीय."

"मग आमच्या आत्याला घेऊन जाता काय? चामराजपेटला असते, तुमच्या पोटाचं रोज विचारत असते. तिला खरंच दुखतंय, तीच दुर्बीण घालायचीय. मला सुट्टी नाही, आणि तिच्यासोबतही माणूस पायजे."

सोमवारी वसुमतीआत्या तनयचा दंड घट्ट धरून दवाखान्यात शिरल्या. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "हे कोण तुमचे?"

तनयनं तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "आमचाच आहे! स्वतःचं पोट एवढं दुखतंय, तरी बघा, माझ्यासाठी आलाय."