मालकांगणी, बावन्न उंदीर आणि देवमन गुरुजी

कोणत्याही असाध्य आजारावरचा उपाय जंगलात उगवतो आणि महाविद्यालयात वाळतो. अमरावतीच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. धर्मेंद्र तायडे (यापुढे नुसता धर्मेंद्र, त्याची हरकत नाही) गेली अकरा वर्षे मालकांगणी वाळवत आहेत. या वेलीच्या बियांचे तेल मेंदू झिजण्याच्या, म्हणजे म्हातारपणी माणूस सगळे विसरत जातो त्या, आजारावर चालावे असा त्याचा कयास आहे. नमुने 'सेमाडोहच्या जंगलातून संकलित' आहेत. (बिया अमरावतीच्या बाजारातून आणल्या, दुकानदाराची सासुरवाडी सेमाडोहला आहे.)

संशोधनाची पद्धत निर्दोष आहे. उंदीर मुळात काही विसरत नाही, म्हणून आधी इंजेक्शन टोचून त्याला विसरायला लावतात आणि मग तेल पाजून आठवायला लावतात. एकूण उंदीर बावन्न. आठवणीची परीक्षा म्हणून हौदात बुडवून ठेवलेला पाट तेल प्यालेल्यांना सरासरी नऊ सेकंद लवकर सापडला. यावर सात शोधनिबंध झाले. सातही निबंधांचे शेवटचे वाक्य 'अधिक संशोधनाची गरज आहे' हेच आहे, आणि ते आजवर कोणालाही खोडून काढता आलेले नाही.

अशात अकोल्याला धर्मेंद्रचे वडीलच विसरू लागले. देवमन गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आधी ते चष्मा विसरले, मग नातवंडांची नावे, मग जेवण झाल्याचे. धाकटी लेक नीलम त्यांचे सगळे करते. धर्मेंद्र हळहळला आणि त्याने लगेच शास्त्रीय पाऊल उचलले. वडिलांना तेल देता येत नव्हते (माणसांसाठी नीतिसमितीची परवानगी लागते, आणि गुरुजी उंदीर नव्हते). पण औषध सिद्ध होईल त्या दिवशी तुलनेला आधीचे गुण तर हवेत! म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जाऊ लागला आणि वडिलांची तीस गुणांची स्मृतिचाचणी घेऊ लागला. आज वार कोणता? जिल्हा कोणता? शंभरातून सात वजा करा.

परीक्षकाने गप्पा मारू नयेत, नाते दाखवू नये, असा त्याने नियम केला होता. धर्मेंद्र नियमाचा पक्का. तो वडिलांना 'बाबा' न म्हणता 'गुरुजी' म्हणू लागला आणि चाचणी आटोपली की परतीच्या गाडीला धावू लागला. गुण अनुक्रमे सव्वीस, बावीस, सतरा, तेरा. आलेख इतका सुरेख उतरला की त्याला अभिमान वाटला. मग अभिमान वाटल्याची लाज वाटली. लाजेसाठी आलेखात सोय नव्हती.

"दादा, बाबाले नाई आठवत तं नाई. तू घडीभर बस तं खरा," नीलम म्हणायची.

"बसलो तं आकडे बिघडतीन," धर्मेंद्र म्हणायचा.

पाचव्या खेपेला त्याला दारात पाहताच गुरुजी ताडकन उभे राहिले, सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि आत ओरडले, "नीलम, चहा मांड! तपासणीचे साहेब आले!"

धर्मेंद्र परीक्षकाच्या खुर्चीत बसला. प्रश्नावलीत नसलेला प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला. "गुरुजी, तुमाले पोरं किती?"

"एक पोरगी, एक पोरगा," गुरुजी न अडखळता म्हणाले. "पोरगा अमरावतीले प्रोफेसर हाये साहेब. विसरायच्या बिमारीवर झाडपाल्याचं औषध काढून राहिला. लय हुशार. पण त्याले सवडच नाई. किती महिने झाले, आलाच नाई."

"बाबा, मीच तो. मी धर्मेंद्र."

गुरुजींनी त्याला नीट न्याहाळले. "मस्करी नोका करू साहेब. माहा धर्मेंद्र आला असता तं पयले जेवला असता."

उत्तरे सगळी बरोबर होती. रकाना नसल्यामुळे गुण देता आले नाहीत. धर्मेंद्र त्या खुर्चीतच ढसाढसा रडला. आपल्या शाळेची दशा पाहून साहेब रडले असे वाटून गुरुजी घाबरले, आणि शेरा तेवढा बरा लिहा म्हणून हात जोडू लागले.

ही हकीकत धर्मेंद्र आता स्वतःच सांगत असतो. चर्चासत्रात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत. आजवर एकेचाळीस जणांनी ती ऐकली. अडतीस जणांनी तेल कुठे मिळते आणि रोज किती थेंब घ्यायचे ते विचारले. तिघांनी उंदरांची चौकशी केली. गुरुजी आता कसे आहेत, हे अजून कोणी विचारलेले नाही. तुम्ही ते विचारणारच होतात, याबद्दल धर्मेंद्रला शंका नाही. फक्त त्याआधी तुम्हाला थेंबांचे तेवढे कळले असते, तर बरे झाले असते.