शिवडीच्या खाडीची हवा

"माणूस पाठवतो सर, तो मोजून जाईल," असं दादरच्या शोरूममधला शंतनु म्हणाला, तेव्हा हेरंब साठ्येने नुसतं 'बरं' म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडून 'बरं' सहजासहजी निघत नाही. हेरंबला वाटलं, हा माणूस येणार, घर मोजणार आणि लागतं त्याच्या दीडपट मशीन आपल्या गळ्यात मारणार.

"मोजायचं काय त्यात, मीच मोजतो," तो म्हणाला.

प्रश्न होता त्याच्या परळच्या फ्लॅटमधल्या एसीचा. भिंतीवर टांगतात तसला साधा एसी नव्हे. पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमध्ये एक दणकट मशीन दडलेलं होतं आणि त्याची हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जायची. खोलीत दिसायची ती फक्त छतालगतची जाळी. आधीचा मालक बोटीवरचा कॅप्टन. त्याने हौसेने बसवलेलं हे प्रकरण हेरंबला घराबरोबर मिळालं होतं. (सुरुवातीला हेरंब पाहुण्यांना 'आमचा सेंट्रल एसी आहे' असं म्हणून जाळ्या दाखवायचा. पाहुणे घाम पुसत बघायचे. मग त्याने दाखवणं बंद केलं.) कारण घर कधी धड गार झालंच नाही. मशीन ढणढणायचं, विजेचं मीटर पळायचं, आणि हेरंब बनियनवर जाळीखाली उभा राहून विचारायचा, "एवढी हवा जाते कुठे?"

"डोक्यात," त्याची बायको ऋता पेपरमधून मान वर न काढता सांगायची.

यंदा एप्रिल लागला आणि मशीनने अंग टाकलं.

शेजारच्या हितेंद्र परबला असल्या कटकटी नव्हत्या, कारण त्याच्याकडे एसीच नव्हता. परब मूळचे मालवणकडचे, मग लालबागच्या चाळीतले, आता इथले. हितेंद्र, त्याची बायको आणि म्हातारी आई कौसल्याकाकी. एसी हा शब्द काढला की हितेंद्र लिफ्टमध्येसुद्धा व्याख्यान सुरू करायचा.

"एसी म्हणजे आजार, हेरंब. आमच्याकडे शिवडीच्या खाडीची हवा येते. संध्याकाळी सात वाजले की सुटते बघ. आईला शाल घ्यावी लागते. निसर्गाला जागा दिली की निसर्ग देतो."

ऐकून ऐकून हेरंबच्या पोटात दुखायचं. एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून, एकाला शाल आणि एकाला घामोळं. पण या एप्रिलमध्ये हितेंद्रही लिफ्टमध्ये रुमालाने मान पुसताना दिसू लागला.

"खाडी अडवली रे त्यांनी," तो समोरच्या नव्या टॉवरकडे बोट दाखवून म्हणाला. "बिल्डरची हाव. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतोच."

हेरंबने वरवर हळहळ व्यक्त केली. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

तर रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर हेरंबने बेडरूममध्ये स्टूल घेतलं, जाळीचे स्क्रू काढले आणि मोजायची स्टीलची टेप डक्टच्या काळोखात सोडली. समोरची भिंत दहा फुटांवर होती. टेप दहा फूट गेली. मग बारा गेली. हेरंबने थांबून भिंतीकडे पाहिलं. भिंत होती तिथेच होती. त्याने आणखी टेप सोडली. ती गुळगुळीत, बिनतक्रार आत जात राहिली.

"ऋता, आपली बेडरूम केवढी आहे गं?"

"तूच घेतलीस ना घर? आता विचारतोयस?"

टेप अठरा फुटांवर कशावर तरी अडकली. मग वाकून खाली गेल्यासारखी वाटली. हेरंबने ती लॉक केली आणि आकडा नीट वाचायला डोकं जाळीच्या भोकात घातलं.

तेवढ्यात टेपला पलीकडून हिसका बसला.

हेरंबला आधी वाटलं, आपलाच हात हलला. मग दुसरा हिसका बसला, चांगला जोराचा. डक्टमध्ये कोणीतरी होतं, आणि त्याने टेप धरली होती. हेरंबने घाबरून ओढली. पलीकडच्यानेही ओढली. आणि मग त्या काळोखातून, अगदी त्याच्या कानाशी, एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"हितू, जनावर धरलंय. काठी घेवन ये."

हेरंबच्या हातून टेपची डबी सुटली, ती वर जाऊन भोकाच्या कडेला अडकली, आणि हेरंब स्टुलासकट गादीवर आला. हे चांगलं झालं, कारण गादी नसती तर विमा कंपनीला तिच्याच माणसाचा क्लेम तपासावा लागला असता. ऋता धावत आली. हेरंब जाळीकडे बोट दाखवून नुसता तोंड उघडत-मिटत होता.

बेल वाजली. दारात हितेंद्र. अनवाणी, हातात पडद्याचा दांडा.

"सर्पमित्राचा नंबर आहे का तुझ्याकडे?" त्याला धाप लागली होती. "आईच्या खोलीत जाळीतून साप उतरलाय. पिवळाधमक. अंगावर आकडे आहेत."

"आकडे?" ऋताने विचारलं.

"नागाच्या फण्यावर असतो ना दहाचा, तसे. पण ह्याच्या अंगभर आहेत. आईने सांडशीत धरलाय त्याला. सोडत नाहीये."

हेरंब बेडरूमच्या दारात येऊन उभा होता. त्याने एकदा हितेंद्रकडे पाहिलं, एकदा वर लटकलेल्या डबीकडे.

"हितेंद्र," तो म्हणाला, "तो साप माझा आहे."

मग सगळी वरात परबांकडे गेली. कौसल्याकाकी पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी सांडशी घट्ट धरलेली, सांडशीत टेपचं टोक, आणि टेप छतालगतच्या जाळीची वाकलेली पट्टी सारून खाली आलेली. हेरंब त्या जाळीकडे बघतच राहिला. त्याच्या घरातल्या जाळ्यांसारखीच जाळी, तोच रंग, तेच स्क्रू.

"ही जाळी कसली?" त्याने विचारलं.

"हवेची. बिल्डरने दिलेली. व्हेंटिलेशन," हितेंद्र म्हणाला.

उलगडा ऋताने केला. कॅप्टनचे दोन्ही फ्लॅट जोडलेले होते. विकताना त्याने मधे भिंत घातली आणि दोघांना वेगवेगळे विकले. पण भिंत घालणाऱ्याने फॉल्स सीलिंगच्या वरचं काही पाहिलंच नाही. डक्ट होती तशी आरपार राहिली. हेरंब रोज सातला ऑफिसातून यायचा आणि आल्या आल्या एसी लावायचा. शिवडीची खाडी सातला सुटायची ती तिथून.

हितेंद्र पलंगाच्या कडेवर बसला. पडद्याचा दांडा त्याच्या हातून हळूच खाली सरकला.

"म्हणजे ती हवा..."

"माझी," हेरंब म्हणाला.

हेरंबच्या आयुष्यात असा क्षण पुन्हा येणार नव्हता हे त्यालाही कळत होतं. निसर्ग, आजार, शाल, बिल्डरची हाव: सगळ्याचा हिशोब एका भाषणात चुकता करायचा म्हणून त्याने घसा खाकरला. त्या आवाजासरशी कौसल्याकाकींनी दचकून वर पाहिलं. आधी जाळीकडे, मग हेरंबकडे.

"परत खाकर," त्या म्हणाल्या.

"काय काकी?"

"खाकर बघू."

हेरंबने खाकरलं. काकींच्या हातातली सांडशी पहिल्यांदाच सैल झाली.

"माका वाटला, आमचे हेच बोलतत."

काकींचे यजमान ही मंडळी इथे यायच्या आधीच वारले होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"रोज सांजेक आवाज येता," काकी सांगू लागल्या. "डाळीत मीठ नाय म्हणत. ढोपर दुखता म्हणत. माझा कोण आयकता या घरात, म्हणत. जिते होते तेव्हाय हेच बोलत. भाषा तेवडी सुदारली होती. माका वाटला, वर शिकवत असतले."

ऋताने पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडात कोंबली. हेरंबच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता. डाळ त्याची होती. ढोपरही त्याचंच होतं.

"म्हणून तू पितृपक्षात बाबांच्या पानावर मुठीएवढं मीठ वाढायचीस?" हितेंद्रने विचारलं.

"मगे? आत्मो अडकलो मिठापायी, असा वाटला माका. केवडी काळजी केली." काकींनी जाळीकडे बघून हात जोडले आणि सुस्कारा सोडला. "म्हंजे ते कधीच सुटले."

त्यांचे डोळे जरा ओलावले होते. हेरंबला खरोखरच वाईट वाटलं. भाषण त्याने गिळून टाकलं आणि तो म्हणाला, "काकी, माफ करा. मला कल्पनाच नव्हती."

"तू कित्याक माफी मागतंस. फक्त हितूक शिव्या घालीत ता माका लागायचा. म्हणत, हितेंद्राच्या तोंडाचो पंखो कधी बंद होणा नाय."

हितेंद्रने मान वळवून हेरंबकडे पाहिलं. हेरंब टेप गुंडाळू लागला. टेप बरीच लांब होती, आणि ती पलीकडून गुंडाळावी लागते हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

पुढचा आठवडा साठ्यांच्या बेडरूममध्ये कोणी बोललं नाही. काही सांगायचं असलं की नवराबायको स्वयंपाकघरात जात आणि कुकरची शिटी होईस्तोवर थांबत. शेजारी मात्र भांडले नाहीत. परबांना वेगळं मशीन लावायला सोसायटीची परवानगी मिळेना, तेव्हा ऋतानेच ठरवलं की एकच मशीन आणायचं आणि भार निम्मा-निम्मा उचलायचा. हितेंद्रने मीटिंगमधला विषय गुपचूप मागे घेतला.

रविवारी सगळे दादरला शोरूममध्ये गेले. आपलं मशीन म्हणून काकीही आल्या आणि शंतनुच्या खुर्चीवर बसल्या. शंतनुने गार हवेचं मशीन दाखवलं, मग रिव्हर्स सायकलचं, म्हणजे तेच मशीन उलटं चाललं की गरम हवाही देतं.

"परळला हीटर कोणाला हवाय?" हेरंबने विचारलं.

"माका," काकी म्हणाल्या. "जानेवारीत सकाळी ढोपरां धरतत."

हितेंद्र म्हणाला, आईचं ऐकू या. ऋता म्हणाली, काकींचं ऐकू या. हेरंबने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि गरम-गार मशीनवर बोट ठेवलं. प्रत्येक खोलीची हवा वेगळी कमी-जास्त करता येईल, डक्ट नवी बसेल, हे सगळं शंतनुने समजावून सांगितलं.

"आणि आजी, आवाज अजिबात येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "मशीन चालू आहे हे कळणारही नाही तुम्हाला."

"मशीनचो नाय रे बाबा." काकींनी मायेने हेरंबच्या हातावर हात ठेवला. "हवा रवांदे. ह्याचो आवाज तेवडो बंद करूक येता काय, ता बघ."