निकम सरांचे रविवार

आमच्या कंपनीत उमेदवार मुलाखतीला येत नाही. कंपनीच उमेदवाराच्या घरी जाते. कंपनी म्हणजे निकम सर, त्यांची जुनी मोटरसायकल आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅग. त्या बॅगेत लॅपटॉप नसतो. पाण्याची बाटली असते आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी केळी.

मी बीसीए झालो तेव्हा सर जत तालुक्यातल्या आमच्या घरी आले. माझे वडील पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच, त्यामुळे गुणपत्रिकांची फाइल मी सकाळपासून बाजेवर मांडून ठेवली होती. सरांनी फाइल बाजूला सरकवली, त्या जागेवर बसले आणि माझ्या आईला विचारलं, "वहिनी, हा रुसला की किती वेळ रुसतो?"

"दिवस मावळंपतूर," आई म्हणाली.

"चालेल. आणि भाजीत मीठ नसलं तर?"

"गुमान खातो. लय गुणाचं हाय लेकरू." आईने हे अभिमानाने सांगितलं.

सरांचा चेहरा पडला. चूक दिसल्यावर गप्प बसणारा माणूस आपल्या धंद्यात घातक, असं त्यांनी आईला समजावून सांगितलं. नोकरी दिली, पण पहिलं काम दिलं ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. थोड्याच दिवसांत मी घरीही मीठ मागायला लागलो.

आयटी कंपनी म्हटलं की आमच्या गावच्या लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. आमची कंपनी सांगली-मिरज रस्त्यावर एका टायरच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर फोनवरच्या ग्राहकाला थोडा वेळ थांबायला सांगतात. गावोगावच्या दूध डेअऱ्या, मिरजेतल्या रक्त तपासणाऱ्या लॅब आणि दोन-तीन मंगल कार्यालयं यांची सॉफ्टवेअर आम्ही करतो. इथे प्रोग्रॅम लिहिणाराच फोन उचलतो, तोच प्रिंटर खांद्यावर घेऊन जिना उतरतो आणि इन्व्हर्टरमध्ये पाणीही तोच ओततो. पुण्यातले मित्र विचारतात, तू नक्की कशात आहेस? मी सांगतो, सगळ्यात. मला त्याची लाज वाटत नाही. एवढं सगळं मला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं.

सर मूळचे सातारा जिल्ह्यातले, बागायती ऊसवाल्या घरातले. वडील सैन्यात होते. त्यामुळे की काय, सरांना लांबण लागलेली खपत नाही. "मुद्द्यावर या," हे त्यांचं दिवसभर चालतं. एकदा पुण्याच्या एका बड्या ग्राहकाने ऑनलाइन मीटिंगमध्ये स्वतःच्या स्वप्नांबद्दल बराच वेळ सांगितलं. सर म्हणाले, "साहेब, मुद्द्यावर या. बटण कुठं पाहिजे?" आमचा प्रशांत सुट्टी मागायला गेला आणि त्याने आजीच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. सरांनी मान वर न करता विचारलं, "मुद्द्यावर ये. लग्न कुणाचं आहे?" लग्न चुलतभावाचं होतं.

असा हा माणूस एकदाच मुद्द्यावर यायला घाबरलेला मी पाहिला. ते भाग्यश्री कोकरेच्या वेळी.

भाग्यश्री आमच्या डेअरीच्या सॉफ्टवेअरचा सगळा भार उचलायची. तीही जतकडचीच, मेंढपाळाच्या घरातली आणि माझ्यासारखीच घरातली पहिली पदवीधर. दिवाळीत ती गावी गेली आणि तिथूनच काम करत राहिली. तिच्या घरी मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त मागच्या बाजूला, मेंढरांच्या वाघरीपाशी. जाळीच्या त्या कुंपणाला टेकून, कानात इअरफोन घालून ती डेअरीवाल्यांचे फोन घ्यायची.

एका सकाळी एका डेअरीच्या सचिवाच्या हातून त्या वेळच्या सगळ्या दुधाच्या नोंदी पुसल्या गेल्या. भाग्यश्री त्याला धीर देत होती. तिची चुलती शेण भरायला आली होती. तिला पलीकडचा सचिव ऐकू येत नव्हता. भाग्यश्री तेवढी ऐकू येत होती. "घाबरू नका, मी आहे ना. मी सांगते तसं हळूहळू करा. कुणाला सांगू नका, आपण दोघं मिटवू."

दुपारपर्यंत हे गावभर झालं. संध्याकाळी तिचे वडील मायाप्पा यांचा सरांना फोन आला. पोरगी आता कामाला येणार नाही, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. तिच्यासाठी स्थळही बघायला घेतल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे तिचं शिक्षण, नोकरी सगळं त्या वाघरीपाशीच संपणार होतं.

त्या रविवारी सरांनी मला गाडीवर मागे बसवलं. तिकडचा रस्ता मला माहीत होता आणि लागलंच तर कानडीही येत होती. मायाप्पा अण्णा उंच, पटकेवाले, कमी बोलणारे. त्यांनी घोंगडं अंथरलं. आक्कांनी, म्हणजे भाग्यश्रीच्या आईने, चहा दिला. सरांनी घसा खाकरला. मी सावरून बसलो.

"अण्णा," सर म्हणाले, "मेंढरं किती आहेत?"

त्यानंतर तासभर मेंढरं झाली. परतताना मी भीत भीत विचारलं, सर, मुद्दा? सर म्हणाले, आज वातावरण नव्हतं.

पुढच्या रविवारी लोकर झाली, पावसाळ्यातली चराई झाली, खुरांचे आजार झाले. ऊसवाल्या घरातला हा माणूस आता ऑफिसातही मेंढरांच्या रोगांबद्दल वाचत बसायचा. प्रशांतने ते मागून पाहिलं. नवीन प्रोजेक्ट येतंय असं समजून त्याने स्वतःहून मेंढपाळांसाठी एक ॲप तयार केलं. त्यात 'मेंढी जोडा' असं हिरवं बटणही होतं. सर बराच वेळ ते निरखत राहिले आणि म्हणाले, "यात कोकरू कुठं भरायचं?"

तिसऱ्या खेपेला सरांनी अंगात पांढरा शर्ट असताना एक मेंढी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि अण्णांनी तिला औषध पाजलं. शर्ट पांढरा राहिला नाही. चहाचे कप न्यायला आलेली भाग्यश्री मला हळूच म्हणाली, "दादा, सरांना म्हणावं माझं बी काहीतरी बोला. मेंढरांचं भागलं आता."

मी सांगितलं. सर घरी परवानगी मागायला गेलेल्या पोरासारखे दिसत होते.

चौथ्या रविवारी चहा व्हायच्या आधीच अण्णांनी विषय काढला. "साहेब, निसती मेंढरं बघाय सांगलीसनं कोन सारखं येत न्हाई. काय ते बोला की आता."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, पोरगी तुमची..." एवढ्यावर अडकले.

"बरं, मग मीच इचारतो. कोन हाय त्यो, ज्याला माजी पोरगी घाबरू नगा म्हनती?"

आता सरांना काम मिळालं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, सचिवाचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून मोबाइल घोंगड्यावर ठेवला. पलीकडून आधी खोकला आला, मग म्हातारा आवाज. "मॅडम हायत का?"

"नाहीत. मी निकम. कंपनीचा मालक."

"मालक असशिला वो. तुमाला त्यातलं काय कळतंय? मॅडमास्नी द्या." परत खोकला. "किती दिस झालं, त्यांचा आवाज न्हाई. त्या दिशी समदं दूध पुसलं माज्या हातनं. मानसं दारात हुबी. ह्या वयात मार खाल्ला असता मी. त्या पोरीनं निस्तारलं आन् चेअरमनला कळूबी दिलं न्हाई. नातीगत हाय ती मला."

अण्णांनी मोबाइल उचलला. कानाला लावला. मग विचारलं, "तुमच्याकडं वैरन काय भावानं चाललीया?" दोघं वैरणीवर, मग पावसावर, मग पोराबाळांवर बोलत राहिले. मोबाइल परत देताना अण्णा आत बघून म्हणाले, "भागे, बॅग भर."

भाग्यश्री परत आली आणि वर्ष-दीड वर्षात बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने तिला उचललं. आमच्यासारख्या कंपन्यांत हे चालायचंच. माणूस इथे शिकतो आणि तिथे जातो. ती पेढे घेऊन सरांसमोर उभी राहिली आणि आभाराचं बोलायला लागली. सर म्हणाले, "मुद्द्यावर ये. कधी जायचंय?" पेढा तोंडात टाकला, तिचे फोन माझ्याकडे दिले आणि पुढच्या कामाला लागले. सर म्हणजे दगड आहेत, असं प्रशांत जेवताना म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

नंतर एकदा मी रविवारी गावी निघालो होतो. भाग्यश्रीचा स्वेटर ऑफिसात राहिला होता, तो तिच्या घरी द्यावा म्हणून वाट वाकडी केली. तर वाघरीपाशी सरांची मोटरसायकल उभी. मी हाक मारणार एवढ्यात अण्णा लगबगीने बाहेर आले आणि ओठांवर बोट ठेवलं.

छपरात बाजेवर सर झोपले होते. चष्मा छातीवर, खाली बूट नीट जोडून ठेवलेले. तोंड किंचित उघडं होतं.

"दर ऐतवारी येत्यात," अण्णा हळू आवाजात सांगू लागले. "लेक गेली तरीबी येत्यात. जेवत्यात, मेंढरांत चक्कर मारत्यात आन् पडत्यात. लेकीचा फोन आला तर आदी त्यास्नी देतो. मालकीण वारल्यापासनं घरात कोन न्हाई त्यांच्या. रिकाम्या घरात डोळा लागत न्हाई म्हनत्यात."

सरांची बायको वारली, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हा सगळ्यांची घरं त्यांनी पाहिली होती, आमच्या आयांच्या हातचा चहा प्यायला होता. त्यांचं घर सांगलीत कुठल्या गल्लीत आहे, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं.

आक्का चहा ठेवते म्हणाल्या. मी हातानेच नको म्हटलं आणि स्वेटर त्यांच्याकडे दिला. मग माझी गाडी सुरू न करता डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत नेली.